कॉस्च्यूम काउंटर आणि पिशव्या सांभाळणाऱ्या बायका

आमच्या वॉटर पार्कचे किस्से मी कधी मुद्दाम गोळा केले नाहीत, ते आपोआप साठत गेले. रोज शेकडो माणसं अंगावरचे चांगले कपडे काढून भाड्याचे कपडे घालणार आणि दिवसभर ओरडत पाण्यात पडणार. अशा ठिकाणी किस्सा घडला नाही तरच नवल. त्यातून मी बसते कॉस्च्यूम काउंटरच्या खिडकीत. डॉक्टर, बिल्डर, भाजीवाला, नगरसेवक, सगळे माझ्याकडूनच नायलॉनची चड्डी घेऊन जातात. एकदा ती अंगात आली की कोण कोण आहे ते मला शेवटपर्यंत कळत नाही, आणि त्यांनाही आठवत नाही.

नाशिकहून इगतपुरीकडे निघालं की हायवे सोडून आत वळायचं, तिथे आमचं पार्क. आधी तिथे आमच्या मालकांची, अण्णांची द्राक्षबाग होती. बाग काढून त्यांनी घसरगुंड्या लावल्या तेव्हा अख्ख्या गावाने त्यांना वेड्यात काढलं. अण्णा म्हणाले, "द्राक्षाला पाणी घातलं तर वर्षभर वाट बघायची. माणसाला पाणी घातलं की संध्याकाळी पैसे."

लोकांना वाटतं पार्क तिकिटावर चालतं. तिकिटावर मोटारी चालतात आणि क्लोरीन येतं. खरी कमाई माणूस आत आल्यावर. पाण्यात कॉटन चालत नाही, म्हणून कॉस्च्यूम भाड्याने. कॉस्च्यूमला खिसा नाही, म्हणून लॉकर भाड्याने. पाण्यात तासभर हुंदडलं की कडाडून भूक लागते आणि घरचा डबा आत आणायला बंदी, म्हणून आमचं कँटीन. झाला धंदा. यात लपवण्यासारखं काही नाही आणि लाज वाटण्यासारखंही नाही. मॉलमध्ये मुकाट्याने महागाचा पॉपकॉर्न घेणारे लोक माझ्या खिडकीत आले की "लुटता राव तुम्ही" म्हणतात. म्हणू देत. चौदा वर्षं ऐकतेय.

*

गेटवर भिकामामा असतात. पिशव्या तपासायच्या आणि खाण्याचे डबे बाहेर ठेवायला लावायचे, हे त्यांचं काम. माणूस मनाने मऊ आणि नेमकं काम असलं.

लोक काय काय लपवून आणतात! बाळाच्या डायपरच्या पिशवीत चकल्या निघाल्यात. एकदा थर्मासमध्ये चहाऐवजी मिसळीचा झणझणीत रस्सा निघाला. मामांनी विचारलं, "आणि पाव?" तर त्या गृहस्थांनी निमूटपणे टॉवेलची घडी उलगडली.

पण सगळ्यात भारी निघाली ती सटाण्याकडची आजी. जीपमधून बारा माणसं उतरली आणि आजीच्या हातात भलामोठा डबा. बाजरीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. मामा म्हणाले, "आजी, बाहेरचं आत नेता येत नाही. नियम आहे."

आजीने शांतपणे अहिराणीत विचारलं, "आनि आठे बाहेर खाई लिधं तं चाली?"

मामा म्हणाले, "बाहेर काय, खा की खुशाल."

आजीने गेटच्या अगदी तोंडाशी चादर पसरली. बारा माणसं गोल बसली. मागे गाड्यांची रांग, हॉर्न वाजताहेत, आणि आजी एकेकाला आग्रहाने वाढतेय. पाऊण तास. उठली, तोंड धुतलं आणि रिकामा डबा मामांच्या पुढ्यात धरून म्हणाली, "आते पोटमा शे. काढी ले."

त्या दिवशी त्या बारा माणसांनी आमच्या कँटीनमधून पाण्याची एक बाटलीसुद्धा घेतली नाही. अण्णांनी मामांना जाब विचारला. मामा म्हणाले, "अण्णा, ती भांडली असती तर मी उठवलं असतं. तिनं मलाच आधी वाढलं."

*

नायलॉनच का, यावर माझ्याशी दिवसाला दहा माणसं वाद घालतात. त्यांतले एक वकीलसाहेब होते. स्वतःची कॉटनची बर्म्युडा घालून आले आणि खिडकीवर कोपर टेकवून म्हणाले, "मॅडम, कोणत्या कायद्यात लिहिलंय की कॉटन चालणार नाही?"

मी म्हटलं, "कायद्यात नाही साहेब, फिल्टरमध्ये लिहिलंय."

त्यांना वाटलं मी उडवून लावतेय. आवाज चढला. ग्राहक, हक्क, नोटीस, सगळं झालं. मी भिकामामांना बोलावलं आणि सांगितलं, साहेबांना फिल्टरच्या खोलीत घेऊन जा. आमच्या फिल्टरमध्ये कपड्यांचे धागे अडकतात. आठवडाभर साफ केला नाही तर त्याचा असा काही चिकट, काळपट गोळा होतो की बघणाऱ्याचं जेवण जातं. मामांनी तो गोळा काठीने उचलून त्यांना दाखवला.

दहा मिनिटांनी वकीलसाहेब परत आले. कोपर टेकवलं नाही. म्हणाले, "चार कॉस्च्यूम द्या. आणि मॅडम, हे सगळं एका दिवसाचं नाही ना?"

मी म्हटलं, "नाही साहेब. एका लग्नाच्या वऱ्हाडाचं."

*

थंडीत शाळांच्या सहली येतात. सहलीतून कमाई कमी, कारण सवलतीचं तिकीट आणि मुलं घरून खाऊन आलेली. म्हणून अण्णांनी मोठ्या घसरगुंडीच्या खाली कॅमेरा बसवला. माणूस धपकन पाण्यात पडतो तेव्हा फोटो निघतो आणि तो बाहेर पडताना विकत घ्यायचा. स्वतःचं वाकडं तोंड पैसे देऊन कोण घेणार, असं मला वाटलं होतं. लोक घेतात. फ्रेम करूनसुद्धा घेतात.

सिन्नरकडच्या एका शाळेचे हेडसर आले होते. कडक माणूस. मुलं त्यांच्यासमोर शिंकायलाही घाबरायची. सर दिवसभर काठावर छडीसारखे ताठ उभे. दुपारी काय झालं कुणास ठाऊक, मुलं सगळी लहान पूलकडे गेलेली बघून सर गुपचूप वर चढले आणि घसरगुंडीवरून खाली आले.

कॅमेऱ्याला काय माहीत हेडसर कोण. फोटो निघाला. डोळे घट्ट मिटलेले, तोंड उघडं आणि दोन्ही पाय वर!

मुलं बाहेर पडताना फोटोच्या काउंटरवर तो स्क्रीनवर आला आणि सगळी काउंटरला चिकटली. मग एकाने हळूच विचारलं, "केवढ्याला?" वर्गणी निघाली. बघता बघता आमचा फोटोचा कागद संपला.

सर तक्रार करायला आले ते थेट माझ्याच खिडकीत, कारण समोर मीच दिसले. लालबुंद झालेले. म्हणाले, "हा माझ्या शिस्तीचा प्रश्न आहे. ते फोटो परत घ्या." मी म्हटलं, "सर, विकलेला माल आम्ही परत घेत नाही." सर खिडकीच्या अजून जवळ सरकले. मग आजूबाजूला बघून हळू आवाजात म्हणाले, "मग एक मलाही द्या. घरी सांगितलं तर खरं वाटायचं नाही."

*

रेन डान्स म्हणजे वरून पाईपमधून पाऊस आणि खाली गाणी. त्याचं तिकीट वेगळं. मुंबईची माणसं त्यावर तुटून पडतात.

एकदा इगतपुरीचे रेल्वेतले एक काका आले, बायको-मुलांसह. काउंटरवरच्या मुलीने त्यांना रेन डान्सचा बोर्ड दाखवला. काकांनी वरच्या पाईपांकडे बघितलं, खाली नाचणाऱ्या लोकांकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, हे आमच्याकडे चार महिने फुकट असतं. कोरडं बसवायचे पैसे घेत असाल तर सांगा, आत्ता देतो."

मग सहकुटुंब कँटीनच्या पत्र्याखाली जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत भजी खाल्ली. त्या दिवशी त्यांच्या टेबलाने जेवढं बिल केलं तेवढं रेन डान्सच्या दोन रांगांनी केलं नसेल. काकांना पाहिजे ती करमणूक काकांनी स्वतः शोधून काढली, आणि मी तेव्हापासून ठरवलं की गिऱ्हाईक काय म्हणतंय ते बोर्डापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकायचं.

*

आता मिहीर सरांचं.

दोन वर्षांपूर्वी अण्णांना कुणीतरी सांगितलं की पार्कला कन्सल्टंट पाहिजे. मुंबईहून मिहीर सर आले. तरुण, सभ्य, प्रत्येकाला मॅडम आणि सर म्हणणारे, हातात टॅबलेट. वाईट माणूस नव्हे. चहाचा स्टॉल त्यांनी घसरगुंडीच्या पायऱ्यांपाशी आणला आणि चहा दुप्पट खपायला लागला, हे मी मान्यच करते.

पण तिसऱ्या दिवशी ते वेव्ह पूलपाशी थांबले. वेव्ह पूल म्हणजे मशीनने लाटा सोडतात तो मोठा हौद. त्याच्या कडेने बाकं होती आणि बाकांवर बायका. साड्या नेसलेल्या, मांडीवर पिशव्या, पिशव्यांवर टॉवेल, टॉवेलवर कुणाचा चष्मा, कुणाचं घड्याळ, कुणाचा मोबाईल. प्रत्येक कुटुंबातली एक बाई अशी असतेच. पूर्ण तिकीट काढून येते आणि दिवसभर पाण्याकडे बघत सामान राखते.

मिहीर सर म्हणाले, "मॅडम, हा आपला डेड फुटफॉल आहे, नुसती गर्दी, कमाई नाही. यांचा कॉस्च्यूम जात नाही, आणि यांच्यामुळे घरच्यांचा लॉकरही जात नाही. या बाकांमुळे लॉस होतोय."

दुसऱ्या दिवशी बाकं काढली. बायकांना बसायला जागा नाही म्हणजे लोक लॉकर घेतील, असा हिशोब.

बायका आल्या. बाकं नाहीत हे बघितलं. इकडेतिकडे नजर फिरवली. पाण्यात तरंगायच्या मोठ्या रबरी ट्यूब भाड्याने द्यायला रचून ठेवल्या होत्या. एकेकीने एकेक ट्यूब खाली घेतली आणि त्यात ऐसपैस बसल्या. मांडीवर पिशव्या.

चार दिवस ट्यूबचं भाडं शून्य. ट्यूब मागायला गेलेल्या मुलाला एक मावशी म्हणाली, "बाळा, बाकावर कंबर दुखायची. हे लय चांगलं केलं तुम्ही लोकांनी." पाचव्या दिवशी बाकं परत आली.

*

मिहीर सर हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. त्यांनी अण्णांपुढे दुसराच कागद ठेवला. कॉस्च्यूम काउंटर मुंबईच्या एका एजन्सीला चालवायला द्यायचं. एजन्सी आपले कपडे आणणार, आपली माणसं आणणार. म्हणजे मी घरी.

अण्णांनी मला ऑफिसमध्ये बोलावून हे सांगितलं तेव्हा ते टेबलावरच्या काचेकडे बघत होते. मला आधी रडू आलं आणि मग संताप आला. ते काउंटर मी उभं केलंय. कोणत्या कपड्याची शिवण कुठे उसवते, कोणत्या मापाला कोणत्या महिन्यात मागणी असते, हे माझ्याशिवाय तिथे कुणाला माहीत नाही.

मी म्हटलं, "अण्णा, बायका कॉस्च्यूम घेत नाहीत, कारण त्यांनी घ्यावं असं आपल्याकडे काही नाहीच. गुडघ्यापर्यंतचे बिनबाह्यांचे फ्रॉक ठेवायचे आणि पन्नाशीची बाई घेत नाही म्हणून रडायचं. मला लांब बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे शिवून द्या. मोठ्या मापाचे."

शेजारी बसलेले मिहीर सर म्हणाले, "मॅडम, डेटा सांगतो की या सेगमेंटला इंटरेस्ट नाही."

मी म्हटलं, "सर, तुम्ही त्यांना विचारलं का?"

त्यांनी टॅबलेटकडे बघितलं. टॅबलेटने विचारलं नव्हतं.

अण्णा म्हणाले, "मे संपेपर्यंत. तोपर्यंत बायकांचे कपडे चालले तर काउंटर तुमचं."

पंचवटीतल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडून मी चाळीस कॉस्च्यूम शिवून घेतले. गर्द निळे, अंगाला न चिकटणारे, वर ओढणीसारखी झालर. खिडकीत टांगले. आठवडा गेला, एकही गेला नाही. बायका यायच्या, कापड हाताने चाचपायच्या, "छान आहे हो" म्हणायच्या आणि बाकावर जाऊन बसायच्या.

मी लाजेचा विचार करत होते. बाह्या अजून लांब करू का, रंग अजून गडद करू का. शेवटी एका बाईला सरळ विचारलं, "घेत का नाही?"

ती म्हणाली, "घेतला असता हो. पण मग पिशवी कोण धरणार?"

मी तेव्हा बारा वर्षं त्या खिडकीत बसलेली बाई, आणि मला हे कळलं नाही. माझी स्वतःची आई अशीच होती. लहानपणी रविवारी गोदाघाटावर आम्ही भावंडं तासन्‌तास पाण्यात, आणि आई पायरीवर आमचे कपडे मांडीवर घेऊन. तिला पोहायला येत होतं की नाही, हेसुद्धा मी कधी विचारलं नाही. आता विचारायची सोय नाही. त्या दिवशी मला स्वतःचाच फार राग आला.

त्याच संध्याकाळी मी खिडकीवर पाटी लावली: बायकांच्या कॉस्च्यूमसोबत घरच्या सगळ्या पिशव्या फुकट सांभाळू.

*

पहिली आली ती वणीहून. गडावर देवीचं दर्शन करून दोन मुलं, दोन सुना आणि नातवंडं असं सगळं बिऱ्हाड आमच्याकडे उतरलं होतं. बाई साठीची, कपाळावर देवीचा मळवट तसाच. पाटी तिने दोनदा वाचली. मग हातातल्या चार पिशव्या, एक थर्मास आणि नातवाची चप्पल माझ्या खिडकीत ठेवली आणि म्हणाली, "निळा द्या."

मोठा मुलगा धावत आला. "आई, अगं तू कुठे आता या वयात?"

बाई म्हणाली, "का रं, माझं तिकीट अर्धं काढलंस का या वयात?"

धाकटी सून मागे तोंडावर पदर घेऊन हसत होती.

ती बाई तीन तास पाण्यात होती. बाहेर आली ती थेट कँटीनमध्ये, आणि एकटीने दोन प्लेट भजी आणि एक मसाला डोसा खाल्ला. मी मिहीर सरांना मुद्दाम बोलावून दाखवलं. म्हटलं, "सर, काठावर बसलेली बाई दिवसभरात एक चहा पिते, तोही कुणी आणून दिला तर. आता हिच्याकडे बघा."

मिहीर सर म्हणाले, "पण मॅडम, फुकट पिशव्यांमुळे लॉकरचा रेव्हेन्यू गेला."

मी म्हटलं, "जाऊ दे. चांगल्या कामाला गेला."

मे महिना उजाडेपर्यंत बाकं ओस पडायला लागली. माझ्या खिडकीमागे पिशव्यांचा डोंगर. एका मावशींनी पिशवीबरोबर नवऱ्याला आणून उभं केलं आणि म्हणाल्या, "यांच्याकडं बी बघा जरा, कुठं जात नाहीत ना." आमच्या पाटीत नवऱ्याचा उल्लेख नव्हता, तरी मी त्यांना खुर्ची दिली आणि पंखा त्यांच्याकडे वळवला. दुपारी त्यांनी मला पिशव्या लावायला मदत केली.

*

आता शेवटचा. हा सांगितल्याशिवाय माझं समाधान होत नाही.

चाळीसच्या चाळीस कॉस्च्यूम रोज बाहेर जात होते. मला वाटलं, झालं, काउंटर राहिलं. पण मेच्या शेवटच्या आठवड्यात अण्णांनी मला परत बोलावलं. एजन्सी वर्षाचे पैसे आगाऊ द्यायला तयार झाली होती. अण्णा म्हणाले, "शैलाताई, तुमचं काम चांगलं झालं, यात वादच नाही. पण असे पैसे समोरून आलेत." रविवारी पाच वाजता कपडे मोजून द्यायचे आणि किल्ली ठेवून निघायचं, असं ठरलं. शब्द अण्णांनी मोडला होता आणि मान खाली घालून मी जाणार होते. ते काही मला पटत नव्हतं, पण करणार काय?

रविवारी सकाळी एक बस आली. मखमलाबादकडच्या मळ्यांतल्या बायका, बचत गटाच्या. गुलाब, शेवंती, झेंडू लावायचा आणि पहाटे फुलबाजारात नेऊन विकायचा, हा त्यांचा धंदा. वर्षात एक दिवस सहल. पुढारी अलकाबाई, आवाज बाजारात कमावलेला. चाळीस बायका आणि चाळीस निळे कॉस्च्यूम. एकही उरला नाही.

पाच वाजले. एजन्सीचे साहेब फाईल घेऊन माझ्या खिडकीपाशी उभे राहिले. मिहीर सरांनी शिट्टी वाजवली. बाकीचे लोक बाहेर यायला लागले. वेव्ह पूलमधल्या चाळीस बायका जागच्या हलल्या नाहीत.

मिहीर सर काठावर गेले. "मॅडम, प्लीज बाहेर या. आज लवकर बंद करतोय."

अलकाबाई म्हणाल्या, "तिकिटावर सहा लिवलंय."

"हो, पण आज आम्हाला कॉस्च्यूमचा स्टॉक मोजायचा आहे. काउंटर उद्यापासून दुसऱ्यांकडे जातंय."

"मंग या ताई?"

मिहीर सर म्हणाले, "त्यांचं बघू आपण काहीतरी."

अलकाबाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीत उभी होते, हातात किल्ल्या. त्यांनी काठाकडे पाठ फिरवली आणि खोल पाण्याकडे चालायला लागल्या. त्यांच्यामागे बाकीच्या. छातीपर्यंत पाणी आलं तशा थांबल्या.

मिहीर सरांनी अण्णांना बोलावून आणलं. अण्णा काठावर आले, घसा खाकरला आणि मालकाच्या आवाजात म्हणाले, "बायांनो, वेळ झाली. चला, बाहेर या."

पाण्यातून आवाज आला, "अहो, कशाला ओरडताय?"

अण्णांचा चेहराच बदलला. तिसऱ्या रांगेत, निळ्या कॉस्च्यूममध्ये, केस मोकळे सुटलेले, त्यांच्या पत्नी सुमनकाकू उभ्या होत्या. पार्क सुरू झालं त्या दिवशी नारळ फोडायला आल्या होत्या, त्यानंतर कधी आल्या नव्हत्या. घरामागच्या गुलाबांमुळे त्या गटात आहेत हे सगळ्यांना माहीत होतं, पण गटाच्या सहलीला आपल्याच पार्कात येतील हे अण्णांना माहीत नव्हतं. मला सकाळपासून माहीत होतं. पण गिऱ्हाइकाला नाव विचारायची आमच्या काउंटरवर पद्धत नाही.

अण्णा म्हणाले, "अगं, तू?"

काकूंनी विचारलं, "कोण आलंय?"

"एजन्सीचे साहेब. कपडे मोजून घ्यायला थांबलेत."

काकू म्हणाल्या, "त्यांना सांगा, कपडे आमच्या अंगावर हायेत. आणि आम्ही अजून पाण्यात हाय."

बसचा ड्रायव्हर बाहेर एकदा हॉर्न वाजवून गप्प झाला. अण्णांनी एकदा साहेबांच्या फाईलकडे बघितलं, एकदा पाण्याकडे. मग वर मशीनच्या खोलीकडे हात केला आणि ओरडले, "लाटा सोड रे. सहापर्यंत."

मशीन घरघरलं. पहिली लाट आली आणि चाळीस बायका एकदम वर उचलल्या गेल्या. अण्णा पायरीवर बसले, बूट काढून बाजूला ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय पाण्यात सोडले. मिहीर सर वाकून म्हणाले, "सर, अ‍ॅग्रीमेंट?" अण्णांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. ते काकूंकडे बघत होते.

एजन्सीचे साहेब माझ्या खिडकीत वाकले. फाईल काखेत, कपाळावर घाम.

"मॅडम, मग आता आम्ही काय करायचं?"

मी किल्ल्या खणात टाकल्या आणि म्हटलं, "तुमचं माप सांगा."